अकरा इंचांची सोंड

१८६२च्या जानेवारीत चार्ल्स डार्विनच्या घरी ऑर्किडच्या फुलांचं एक खोकं आलं. पाठवणारे जेम्स बेटमन हे इंग्लंडमधले नामांकित ऑर्किडवेडे. खोक्यातलं एक फूल मादागास्करचं होतं, ॲन्ग्रेकम सेस्क्विपेडाले नावाचं. मेणासारखं पांढरं, चांदणीच्या आकाराचं, आणि मागे शेपटी लोंबावी तशी लोंबणारी एक हिरवट नळी. डार्विनने ती नळी मोजली. साडेअकरा इंच. म्हणजे जवळपास २९ सेंटीमीटर, शाळेतल्या फूटपट्टीएवढी. आणि मकरंद कुठे, तर नळीच्या अगदी तळाशी, शेवटच्या दीड इंचात.

कोल्हा आणि करकोच्याची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली असते. करकोचा कोल्ह्याला जेवायला बोलावतो आणि खीर उंच सुरईत वाढतो. इथे सुरई होती, खीर होती, पण करकोचा कुठेच दिसत नव्हता. फूल पांढरं, रात्री वास सोडणारं, आपल्या निशिगंधासारखं किंवा रातराणीसारखं. अशा फुलांचे पाहुणे बहुतेकदा रात्री उडणारे पतंग असतात (कागदाचे नव्हेत, फुलपाखरांचे निशाचर भाऊबंद). त्याच वर्षी मे महिन्यात आलेल्या ऑर्किडवरच्या पुस्तकात डार्विनने लिहून टाकलं, की मादागास्करमध्ये दहा-अकरा इंच सोंडेचे पतंग असलेच पाहिजेत. असा पतंग तोवर कुणी पाहिलेला नव्हता. काही कीटकतज्ज्ञांनी या कल्पनेची थट्टा केली, हे डार्विननेच पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीत नोंदवून ठेवलंय.

पुढचं तुम्ही कदाचित एखाद्या रीलमध्ये पाहिलं असेल. १९०३ साली वॉल्टर रॉथशिल्ड आणि कार्ल जॉर्डन यांनी मादागास्करच्या एका पतंगाचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि त्याच्या नावात ‘प्रेडिक्टा’ हा शब्द घातला. प्रेडिक्टा म्हणजे जिचं भाकीत आधीच झालं होतं ती. डार्विनला जाऊन तेव्हा एकवीस वर्षं झाली होती. रील इथे संपते, संगीत वर चढतं, आणि निष्कर्ष निघतो की उत्क्रांती सिद्ध झाली.

मला ही गोष्ट फार आवडते. पण ती जिथे थांबवली जाते ती जागा मला चुकीची वाटते.

कारण या गोष्टीत एक तिसरा माणूस आहे, आणि रीलवाले त्याला गाळतात. जॉर्ज कॅम्पबेल, आर्गाइलचा ड्यूक. ब्रिटिश राजकारणातला वजनदार माणूस, पुढे १८६८ ते १८७४ भारतमंत्री. त्याने १८६७ साली ‘द रेन ऑफ लॉ’ नावाचं पुस्तक लिहिलं आणि नेमकं हेच ऑर्किड डार्विनसमोर धरलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: फुलाची ही रचना एवढी नेमकी आहे, की तिच्यामागे योजना करणारं मन असलंच पाहिजे. आणि डार्विनची स्वतःची भाषा बघा, तोही पानोपानी हेतूची, युक्तीचीच भाषा बोलतो. हा दुसरा टोला अगदीच फुकाचा नव्हता. डार्विनच्या पुस्तकाच्या शीर्षकातच ‘युक्त्या’ या अर्थाचा शब्द आहे.

उत्तर डार्विनने नाही, आल्फ्रेड रसेल वॉलेसने दिलं, त्याच वर्षी. आधी त्याने ब्रिटिश म्युझियममधल्या पतंगांच्या सोंडा मोजल्या. दक्षिण अमेरिकेतल्या एका पतंगाची सव्वानऊ इंच भरली. आफ्रिकेतल्या मॉर्गनी नावाच्या एकाची साडेसात. म्हणजे हवी असलेली सोंड आणि हाताशी असलेली सोंड यांत दोन-तीन इंचांचाच फरक उरला. मग त्याने छातीठोकपणे लिहिलं, की मादागास्करला जाणाऱ्या निसर्गअभ्यासकांनी हा पतंग शोधावा, आणि नेपच्यून शोधणाऱ्या खगोलशास्त्रज्ञांइतक्याच खात्रीने शोधावा. लेखासोबत न पाहिलेल्या पतंगाचं चित्रही छापलं. गंमत म्हणजे १९०३चा तो पतंग याच आफ्रिकन मॉर्गनीची मादागास्करमधली उपजात म्हणून नोंदला गेला. करकोच्याचा चुलतभाऊ लंडनच्या कपाटात टाचणीला टोचलेला होता.

आता जरा आर्गाइलच्या खुर्चीत बसून बघू. तुम्ही मानता की हे फूल कुणीतरी हेतुपुरस्सर बनवलं. मग त्या नळीच्या तळाशी मकरंद ठेवणाऱ्याने तो पिणारा पतंगही बनवला असणारच, नाहीतर योजना कसली? म्हणजे ‘मादागास्करमध्ये अकरा इंची सोंडेचा पतंग असेल’ हे भाकीत ड्यूकसाहेबही तितक्याच आरामात करू शकले असते. पतंग सापडला तेव्हा दोघेही बरोबर ठरले. आणि दोघेही बरोबर ठरत असतील, तर ती परीक्षा दोघांमधली नव्हतीच.

इथे दोन वेगळे प्रश्न आपण एकात कालवतो. एक, भाकीत खोटं ठरू शकतं का? दोन, खोटं ठरलं तर त्याने कुणाचं नाक कापलं जातं? डार्विनचं भाकीत पहिल्या प्रश्नाला उतरतं. त्याने इंच सांगितले, बेट सांगितलं, आणि वर हेही लिहिलं, की असे पतंग मादागास्करमधून नष्ट झाले तर हे ऑर्किडही नष्ट होईल. म्हणजे पतंग नाही आणि फूल मात्र मजेत बिया धरतंय, असं आढळलं असतं तर त्याला तोंड लपवावं लागलं असतं. पण दुसऱ्या प्रश्नाशी नुसत्या पतंगाच्या असण्याने काहीच होत नाही.

मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो. कोड नीट चालतो का हे तपासायला आम्ही छोट्या चाचण्या लिहितो, आणि त्यातली एक जुनी शिस्त अशी, की चाचणी आधी नापास होताना पाहायची, मगच तिच्या पास होण्यावर विश्वास ठेवायचा. कोड बरोबर असो वा चूक, जी चाचणी हिरवाच दिवा दाखवते ती काहीच तपासत नसते. अशा चाचण्या प्रत्येक जुन्या प्रोजेक्टमध्ये ढिगाने असतात आणि त्यांच्याकडे बघून सगळ्यांना छान झोप लागते.

नापास म्हणजे काय हे आधी ठरवणं सगळ्यात अवघड. ‘यंदा प्रवासयोग संभवतो’ हे वाक्य कधीच नापास होत नाही. म्हणून २००८ साली जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर, प्रकाश घाटपांडे आदींनी महाराष्ट्रातल्या ज्योतिषांसमोर जी चाचणी ठेवली ती मला फार शहाणी वाटते. हुशार मुलांच्या १०० आणि मतिमंद मुलांच्या १०० पत्रिका एकत्र मिसळल्या. प्रत्येकाला ४० पत्रिका देऊन विचारलं, कुठली कुठल्या गटातली ते सांगा. छापा-काटा करूनही निम्मी उत्तरं बरोबर येतात. उत्तरं पाठवणाऱ्या २७ जणांची सरासरी आली ४६ टक्के. नुसत्या नशिबाची रेघ आधी आखलेली होती, म्हणून या आकड्याला अर्थ आला.

वॉलेसने दिलेल्या नेपच्यूनच्या उपमेतही एक काटा आहे. फ्रेंच गणिती ल व्हेरिएने युरेनसच्या वाकड्या चालीवरून नेपच्यूनची जागा कागदावर काढली, आणि २३ सप्टेंबर १८४६च्या रात्री बर्लिनमध्ये गालेला तो सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत दिसला. याच ल व्हेरिएने १८५९ साली बुधाची चाल बघून तीच पद्धत लावली आणि सूर्याजवळ आणखी एक ग्रह असावा असं सांगितलं. त्याला नावही मिळालं, व्हल्कन. कित्येकांना तो ‘दिसला’सुद्धा. तो नव्हताच. बुधाच्या चालीचं कोडं १९१५ साली आइनस्टाइनने सोडवलं, त्यासाठी न्यूटनचं गुरुत्वाकर्षणच बदलावं लागलं. तोच माणूस, तीच रीत, एकदा पैकीच्या पैकी आणि एकदा शून्य. व्हल्कन नसण्याने जेवढं शिकवलं तेवढं नेपच्यून असण्याने शिकवलं का, मला शंका आहे.

तर पुन्हा ऑर्किडकडे. डार्विन आणि वॉलेसकडे आर्गाइलकडे नसलेली एक गोष्ट होती, आणि ती पतंग नव्हे. ती म्हणजे हे घडलं कसं याचा हिशोब. डार्विनने त्या फुलात सुया घालून पाहिल्या, केस घालून पाहिले, पराग चिकटेना. मग इंचाच्या दहाव्या भागाएवढी जाड कांडी नळीत खुपसून बाहेर काढली, आणि परागाचे गोळे तिला चिकटून आले. त्यावरून त्याने तर्क केला: शेवटचा थेंब गाठण्यासाठी पतंगाला सोंड अगदी मुळापर्यंत आत दाबावी लागली, तरच त्याचं डोकं परागाला घासणार. नळी सोंडेपेक्षा आखूड असेल तर पतंग आरामात दुरूनच पिऊन जाईल, फुकट. म्हणजे लांब नळीच्या फुलांना जास्त बिया, आणि लांब सोंडेच्या पतंगांना जास्त मकरंद. दोघंही पिढ्यानपिढ्या एकमेकांना लांब करत नेतात.

या हिशोबातून जे भाकीत निघतं ते ड्यूकच्या म्हणण्यातून आपोआप निघत नाही. नळी आखूड केली तर फुलाचं नुकसान झालं पाहिजे, पतंगाचं पोट भरलं तरीही. आणि हे तपासायला भूतकाळात जावं लागत नाही. मात्र प्रत्यक्षात तपासायला सव्वाशे वर्षं लागली. स्वीडनमध्ये अँडर्स निल्सन याने प्लाटान्थेरा जातीच्या ऑर्किडच्या नळ्या मुद्दाम आखूड केल्या आणि फुलं तिथल्या पतंगांवर सोडून दिली. आखूड नळीच्या फुलांतून कमी पराग गेला, त्यांच्यात कमी पराग आला. १९८८ साली ‘नेचर’मध्ये हे छापून आलं. या प्रयोगाची रील मी अजून पाहिलेली नाही. त्यात मादागास्कर नाही, हसणारे तज्ज्ञ नाहीत, मृत्यूनंतरचा विजय नाही. पण उत्क्रांतीची खरी परीक्षा कुठली असं विचारलं तर मी १९०३च्या आधी १९८८ सांगेन.

शिवाय वाद तिथे मिटलाही नाही. लुट्झ वासरथाल या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने १९९२ साली मादागास्करमध्ये हा पतंग या ऑर्किडवर येताना प्रत्यक्ष पाहिला, म्हणजे पेटी आल्यानंतर १३० वर्षांनी. आणि त्याचंच म्हणणं असं, की सोंड लांब झाली ती फुलाशी लागलेल्या चढाओढीने नव्हे. फुलांवर दबा धरून बसणाऱ्या कोळ्यांपासून लांब राहायला ती लांबली, आणि फुलांनी नंतर लांब सोंडेच्या पतंगांशी जुळवून घेतलं. दोन्ही बाजू उत्क्रांतीच मानतात. तरी त्यांच्या भाकितांत फरक पडतो, सोंड आधी की नळी आधी, म्हणून त्यांना भांडता येतं.

आता १८६२कडे परत जाऊ, कारण त्याच वसंतात उत्क्रांतीच्या मानेवर खरी सुरी ठेवली गेली होती. ती ठेवणारा माणूस धर्मगुरू नव्हता, पदार्थवैज्ञानिक होता.

डार्विनला वेळ हवा होता, भरपूर. ‘ओरिजिन’च्या १८५९च्या पहिल्या आवृत्तीत त्याने दक्षिण इंग्लंडमधल्या वील्ड नावाच्या प्रदेशाची झीज होऊन तो आजच्या रूपाला यायला सुमारे ३० कोटी वर्षं लागली असावीत, असा अंदाज दिला होता. टीका झाली आणि १८६१च्या तिसऱ्या आवृत्तीतून त्याने तो आकडा काढून टाकला. १८६२च्या एप्रिलमध्ये एडिनबरोला विल्यम थॉमसनचा, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्विनचा, निबंध वाचला गेला. भट्टीतून काढलेला लोखंडी गोळा किती गार झालाय यावरून तो कधी बाहेर काढला हे सांगता येतं, तसं पृथ्वीचं. खाणीत खोल जावं तसं तापमान किती वाढतं ते माहीत होतं, खडकातून उष्णता किती वेगाने वाहते तेही. उत्तर आलं दोन कोटी ते ४० कोटी वर्षांच्या दरम्यान, आणि केल्विनचा कल नऊ कोटी ८० लाखांकडे. पुढे तो ते कमी कमी करत गेला. १८९७मध्ये दोन ते चार कोटींवर आला.

उत्क्रांतीने इथे हात बांधून घेतले होते. तिने अप्रत्यक्षपणे जाहीर केलं होतं, की पृथ्वी फार म्हातारी असलीच पाहिजे. पृथ्वी तरुण निघाली तर नैसर्गिक निवडीचा संथ कारभार कोसळणार होता. आणि त्या काळचं सगळ्यात प्रतिष्ठित विज्ञान सांगत होतं, पृथ्वी तरुण आहे. ही डार्विनची मोठी ठसठस होती, वॉलेसला लिहिलेल्या पत्रात त्याने ती कबूल केलीय. शेवटच्या आवृत्तीत त्याने अशी पुस्ती जोडली, की प्राचीन काळी पृथ्वीवरचे बदल आजच्यापेक्षा झपाट्याने होत असतील, त्यामुळे जीवही झपाट्याने बदलले असतील. मला ही पळवाट वाटते. डार्विनबद्दल आदर ठेवूनच म्हणतो, ओरिजिनमध्ये मला सगळ्यात कमी आवडणाऱ्या जागांपैकी ही एक.

निकाल त्याच्या पश्चात लागला. केल्विनचाच जुना सहायक जॉन पेरी याने १८९५ साली दाखवलं, की पृथ्वीच्या पोटात उष्णता घट्ट दगडातल्यापेक्षा सहज फिरत असेल तर केल्विनचा आकडा कित्येक पट वाढतो. मग किरणोत्सार सापडला, आणि त्याने खडकांचं वय मोजायचं घड्याळच हातात दिलं. (किरणोत्साराच्या उष्णतेने केल्विनला चूक ठरवलं असं सर्रास सांगितलं जातं. मोठी चूक पेरीने दाखवली तीच होती.) १९५६ साली क्लेअर पॅटरसनने उल्कांमधल्या शिशावरून आकडा पक्का केला, सुमारे ४५५ कोटी वर्षं. हे घड्याळ डार्विनच्या सोयीसाठी कुणी बनवलं नव्हतं. ते तीन कोटींवर थांबू शकलं असतं.

म्हणूनच ‘उत्क्रांती तपासताच येत नाही’ हा आक्षेप मला इतिहासाच्या दृष्टीने विचित्र वाटतो. हा आक्षेप घेणारे कार्ल पॉपरचं नाव हमखास पुढे करतात. पॉपरने नैसर्गिक निवड नीट तपासण्याजोगी नाही असं म्हटलं होतं हे खरं. पण १९७७ साली केंब्रिजच्या डार्विन कॉलेजमधल्या व्याख्यानात त्याने आपलं मत बदलल्याचं स्वतःहून सांगितलं. पहिलं वाक्य सगळ्यांच्या लक्षात राहिलं, दुसरं नाही.

आपल्याकडे हाच आक्षेप जानेवारी २०१८मध्ये औरंगाबादेत, आताच्या छत्रपती संभाजीनगरात, निघाला. तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले, की डार्विनचा सिद्धान्त चुकीचा आहे, माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांपैकी कुणी पाहिल्याची नोंद नाही, आणि शाळेत तो शिकवणं बदललं पाहिजे. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी एकत्र निषेधाचं निवेदन काढलं. मंत्र्यांवर विनोद करून बहुतेकांनी विषय संपवला. पण ‘कुणी पाहिलं?’ हा प्रश्न हसण्यावारी न्यायचा नाही. माझ्या वयाच्या, माझ्याएवढंच शिकलेल्या कित्येकांच्या मनात तो असतो. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत आम्हाला त्याचं उत्तर कुणी दिलेलं नसतं.

चोरी होताना कुणी पाहिली नसली तरी ठसे तपासता येतात, हे पोलिसांना माहीत असतं. माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान यांच्यात २४. आपले पूर्वज एक असतील तर एक जोडी गेली कुठे? अख्खी गळून पडली असती तर शेकडो जनुकं गेली असती, जीव जगला नसता. मग एकच वाट उरते: दोन गुणसूत्रं टोकाला टोक लागून जोडली गेली असणार. इथे मान सुरीखाली जाते. गुणसूत्राच्या टोकांवर टीटीएजीजीजी ही सहा अक्षरं पुन्हा पुन्हा येतात, बुटाच्या नाडीच्या टोकावरच्या प्लास्टिकसारखी. दोन नाड्या टोकाला टोक जोडल्या असतील तर हे प्लास्टिक मध्येच कुठेतरी, समोरासमोर उलट दिशेने, सापडलं पाहिजे. शिवाय प्रत्येक गुणसूत्राला एक कंबर असते, तर इथे दुसऱ्या कंबरेचे अवशेष हवेत.

माणसाच्या दोन क्रमांकाच्या गुणसूत्राचे पट्टे वानरांच्या दोन वेगळ्या गुणसूत्रांशी जुळतात हे १९८२पर्यंत सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेलं होतं. १९९१ साली येल विद्यापीठातल्या संशोधकांनी जोडाची जागा वाचली. टोकाची अक्षरं तिथे होती, झिजलेली, पण समोरासमोर. दुसऱ्या कंबरेच्या खुणाही मिळाल्या. तिथे दुसरंच काही निघालं असतं तर पाठ्यपुस्तक बदलायला मंत्र्यांची गरज पडली नसती.

मादागास्करची गोष्ट मात्र अजून चालू आहे. २०२१ साली संशोधकांनी ‘प्रेडिक्टा’ला उपजातीच्या जागेवरून उचलून स्वतंत्र जातीचा दर्जा दिला. त्यांनी मोजलेल्या एका नमुन्याची सोंड साडेअठ्ठावीस सेंटीमीटर भरली. आणि त्याच बेटावर ॲन्ग्रेकमचा आणखी एक प्रकार आहे, लाँगिकॅल्कार. त्याची नळी जवळपास ४० सेंटीमीटर. १९९१ साली जीन क्रिट्स्की या अमेरिकन कीटकतज्ज्ञाने डार्विनच्याच रीतीने लिहून ठेवलं, की मादागास्करमध्ये ३८ सेंटीमीटर सोंडेचा पतंग असला पाहिजे. तो अजून सापडलेला नाही. फूल फार दुर्मीळ आहे, रानात ते बहरलेलं सापडणंच कठीण. पण बहरलंच, तर पतंगाची वाट बघत बसण्याआधी पाहायची गोष्ट साधी आहे: त्याच्या परागाचे गोळे जागेवर आहेत की कुणी नेलेत, आणि त्याला शेंग धरते की नाही.